अत्तर-अगरबत्तीचा स्टॉल : आधी झाकणे लावा!

हस्तकलेच्या प्रदर्शनांत अत्तर, अगरबत्ती, लोबान, सुगंधी साबण असा घरी तयार केलेला माल घेऊन बसणारे कारागीर बंधू-भगिनी आता जागोजागी दिसू लागले आहेत, ही समाधानाची बाब होय. पूर्वी हा माल मशिदीच्या दारात, उरुसात नाही तर रमजानच्या बाजारात खपायचा. तिथले गिऱ्हाईक ठरलेले. हिना, शमामा, मजमुआ ही नावे त्याला पाठ. मुंबईचे महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणचे गिऱ्हाईक मात्र निराळे. त्याने मजमुआ हा शब्दही ऐकलेला नसतो. ते शेजारी साड्या पाहून आलेले असते आणि पुढे खाण्याच्या स्टॉलकडे निघालेले असते. त्याला थांबवायचे कसे, हाच या आठवड्याचा विषय.

आधी थोडा हिशेब करू. समजा, तीन दिवसांच्या स्टॉलचे भाडे सहा हजार रुपये आणि येणे-जाणे, जेवण, हमाली मिळून आणखी तीन हजार. अर्ध्या तोळ्याच्या कुपीमागे साठ रुपये सुटत असतील, तर दीडशे कुप्या विकल्यावर फक्त खर्च निघतो. म्हणजे रोज पन्नास. आठ तास स्टॉल उघडा धरला, तर दर दहा मिनिटांना एक. यात नफा कुठेच आलेला नाही. घरातल्या बायका-मुलांनी महिनाभर वळलेल्या अगरबत्त्या परत खोक्यात भरून आणायच्या नसतील, तर टेबलावरची मांडणी ही दुय्यम बाब समजून चालणार नाही.

आम्ही पाहतो ते असे. माल उत्तम असतो, पण टेबलावर शंभर-दीडशे बाटल्या दाटीवाटीने उभ्या, दहा-पंधरांची बुचे उघडी, एका कोपऱ्यात अगरबत्ती जळते आहे, दुसऱ्या कोपऱ्यात लोबान धुमसतो आहे आणि साबणाच्या उघड्या वड्या मध्येच रचलेल्या. मालकाची समजूत अशी की, घमघमाट सुटला की लोक आपोआप ओढले जातील. लोक येतातही. पण एकदा नाकात सगळे वास कालवले गेले की गुलाब कोणता आणि केवडा कोणता हे त्यांना उमगत नाही. "छान आहे हो सगळेच," असे म्हणून ते पुढे जातात. ज्याला सगळेच छान वाटले, त्याने काहीच घेतले नाही, हे धंद्यात मुरलेल्या माणसाला सांगायला नको.

आमचे स्पष्ट मत असे की प्रदर्शनातल्या सुगंधाच्या स्टॉलवर वास जितका कमी दरवळेल तितकी विक्री बरी होते. माणसाचे नाक एखाद्या वासाला काही मिनिटांतच सरावते आणि मग तो वास त्याला येईनासा होतो. स्टॉलवर दिवसभर बसणाऱ्याला तर आपल्याच मालाचा वास कळत नाही. तो आणखी एक अगरबत्ती पेटवतो आणि समोरच्या माणसाचे डोके दुखू लागते. म्हणून पहिले काम, सगळी झाकणे लावा. अगरबत्ती बंद पुड्यात, साबण कागदात आणि प्रत्येक साबणाची एकच उघडी वडी काचेच्या झाकणाखाली.

मग गिऱ्हाईक थांबणार कशावर? डोळ्यांवर. वास दिसत नाही, तेव्हा वास जिथून येतो ती वस्तू दाखवावी. खसच्या अत्तरापुढे वाळ्याच्या मुळांची एक जुडी ठेवावी व तिच्यावर अधूनमधून पाण्याचा हबका मारावा. गुलाबापुढे सुक्या पाकळ्यांची वाटी, लोबानापुढे त्याचे खडे. सर्वांत जास्त माणसे थांबतात ती मिट्टी अत्तरापाशी. कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगमध्ये पाण्याबरोबर तापवतात आणि त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाचा वास अशा रीतीने कुपीत येतो. हे अत्तर विकायला असेल, तर भाजक्या मातीचे चार तुकडे बशीत ठेवून दोन ओळींची चिठ्ठी लावावी. "मातीचे अत्तर?" असे विचारत माणूस स्वतःच पुढे येतो आणि बोलणे सुरू होते. मात्र देग-भपक्याचा फोटो लावायचा, तर माल त्याच रीतीने गाळलेला हवा. बाजारातून आणलेला तयार कंपाउंड कुप्यांत भरून त्यापुढे कनौजचे चित्र लावणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूकच.

टेबल सपाट ठेवू नये. बिस्किटांची रिकामी खोकी किंवा फळांच्या लाकडी पेट्या उलट्या घालून त्यावर चादर टाकली की पायऱ्या तयार होतात. मागची पायरी उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला यावी. कापड एकरंगी असावे आणि पुढून जमिनीपर्यंत लोंबते असावे, म्हणजे खालची खोकी झाकली जातात. नक्षीदार, जरीचे कापड आपल्याला आवडते, पण त्यावर लहान कुप्या हरवतात. पांढऱ्यावर तेलाचा डाग लगेच दिसतो, म्हणून गडद हिरवे किंवा विटकरी बरे. दर्शनी भागात पाच-सहा सुगंध पुरेत. बाकीचे खाली पेटीत असू द्यावेत, जाणकाराने मागितले की काढावेत.

दिव्याकडे आपले लोक सहसा लक्ष देत नाहीत. मांडवातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली हिनाचा तपकिरी रंग मळकट दिसतो. पिवळसर उजेडाचा एक लहान एलईडी दिवा कुप्यांच्या मागे किंवा बाजूला लावला की तेच तेल मधासारखे चमकते. हॅलोजन नको, तो तापतो. उष्णता आणि ऊन दोन्ही अत्तर बिघडवतात. म्हणून उजेडात मांडायच्या कुप्या थोड्याच ठेवाव्यात आणि साठा बंद पेटीत सावलीला ठेवावा.

आता हुंगवण्याची रीत पाहू. कापसाचा फाया ही आपली जुनी आणि देखणी पद्धत आहे, पण अनोळखी माणूस तो घ्यायला कचरतो, आणि घेतला तर दोन मिनिटांनी कुठे टाकू म्हणून विचारतो. त्याऐवजी जाड टिपकागदाच्या बोटभर पट्ट्या कापून ठेवाव्यात. एका टोकाला अत्तर लावायचे, दुसऱ्या टोकावर आधीच सुगंधाचे नाव, स्टॉलचा क्रमांक आणि फोन नंबर लिहिलेला. पट्टी दोन-चार वेळा हवेत हलवून मग हातात द्यावी. माणूस ती खिशात किंवा पर्समध्ये टाकतो, घरी गेल्यावर पुन्हा हुंगतो आणि दुसऱ्या दिवशी शोधत येतो. छापील जाहिरातीपेक्षा हे काम स्वस्तात होते.

हलके वास आधी द्यावेत आणि भारी शेवटी. म्हणजे मोगरा, गुलाब, खस अगोदर आणि शमामा, ऊद नंतर. भारी वास आधी दिला की मागून आलेला मोगरा पाण्यासारखा लागतो. तीन-चारच्या पुढे जाऊ नये. मोठ्या दुकानांत मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण २०११ साली अमेरिकेत घेतलेल्या एका चाचणीत त्यांचा साध्या हवेपेक्षा अधिक उपयोग दिसला नाही. तेवढा खर्च वाचवावा. दोन पावले मागे जाऊन मोकळी हवा घ्यायला सांगितले तरी भागते.

पसंत पडलेले अत्तर, विचारून मगच, मनगटावर लावावे. काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. स्त्रियांना पट्टी हातात द्यावी. स्टॉलवर घरातली एखादी बाई असेल तर फारच उत्तम. लावल्यावर लगेच विक्रीची घाई करू नये. तेलातले अत्तर अंगावर हळूहळू उमलते. "एक चक्कर मारून या, पाव तासाने खरा वास कळेल," असे सांगावे. ही युक्ती नव्हे, वस्तुस्थिती आहे, आणि परत आलेला माणूस बहुधा घेतोच.

किंमत लिहिलेली असावीच. विचारायला संकोच वाटतो म्हणून निघून जाणारी माणसे घासाघीस करणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. तोळ्याचा हिशेब नव्या पिढीला कळत नाही. ३, ६ आणि १२ मिली अशा तीन मापांचे भाव पाटीवर लिहावेत, म्हणजे पाव, अर्धा आणि एक तोळा हे जुन्यांनाही समजते. अल्कोहोल असलेले स्प्रे आणि बिनअल्कोहोलचे तेल वेगवेगळ्या बाजूंना ठेवून तसे स्पष्ट लिहावे. ते विचारून घेणारे गिऱ्हाईक पुष्कळ असते. चंदनाचे तेल किती महाग असते हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा पन्नास रुपयांच्या कुपीवर 'शुद्ध चंदन' लिहू नये, 'चंदन सुवास' लिहावे. साबण विक्रीसाठी बनवणाऱ्यांना अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्याची प्रत जवळ असू द्यावी.

अगरबत्तीवाल्यांची अडचण आम्ही जाणतो. न जाळता वास कसा कळणार? पण कापडी मांडवात जळती काडी धोक्याची असते आणि आयोजक ती विझवायला लावतात ते योग्यच आहे. नळीत ठेवलेली न पेटवलेली काडी हुंगू द्यावी आणि तिच्याबरोबर प्रत्येक सुगंधाच्या दोन-दोन काड्यांची नमुना पुडी दहा रुपयांना ठेवावी. लोबान, बखूर यांसाठी विजेवर तापणारी लहान धूपदाणी मिळते. तीही परवानगी घेऊन, ठरावीक वेळी पाच मिनिटे लावावी आणि बंद करावी.

जागेची निवड आपल्या हाती असेल, तर तळणाच्या आणि मासळीच्या स्टॉलपासून लांबची मागावी. त्यासाठी अर्ज लवकर भरावा लागतो. शेवटच्या आठवड्यात गेलेल्याला उरलेली जागा मिळते, आणि ती बहुतेक वेळा खाद्यपदार्थांच्या रांगेलाच असते.