कॅमेरा घेताना

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी खाऊचे पैसे साठवून कॅमेरा घेण्याचा विचार करत असेल. दुकानात गेलात की दुकानदार आधी मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. "हा सोळाचा, हा वीसचा!" मोठा आकडा ऐकून आपण भुलतो. मीसुद्धा भुललो होतो.

डिजिटल चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात फक्त दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत! आज ठिपक्यांना तोटा नाही. पण जरा हिशेब करा. ४ × ६ इंचांच्या फोटोत दर इंचाला ३०० ठिपके धरले, तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. मग वीस मेगापिक्सेल कशाला?

खरे महत्त्व सेन्सरला आहे. पूर्वी फिल्म जे काम करत असे, ते आता सेन्सर करतो. तो प्रकाश टिपतो. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवा. जास्त पाणी कशात जमेल? सेन्सरचेही तसेच आहे. स्वस्त कॅमेऱ्यात तो बहुधा जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो. भिंगे बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत सुमारे २३ मिलिमीटर.

पहिल्या पगारातून मी सोळाचा कॅमेरा घेतला आणि त्याच संध्याकाळी दिव्याच्या उजेडात दादीचा फोटो काढला. चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे दिसू लागले. मी फार खट्टू झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादीला ओसरीवर बसवले. कॅमेरा तोच, पण फोटो सुरेख आला. दादी आता नाही. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे.

झूम विचाराल तेव्हा 'ऑप्टिकल' किती ते विचारा. 'डिजिटल' झूम चित्राचा मधला भाग कापून नुसता मोठा करतो.

पैसे कमी असतील तर वापरलेला कॅमेराही चालेल. मात्र त्यात एसडी कार्ड बसते ना, हे पाहा. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागते आणि ते आता बनत नाही. बॅटरी बाजारात मिळते का, तेही विचारा. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. दुकानदार कुरकुर करील. करू द्या.