वृद्धांची संथ गती

आईवडिलांना वेळेवर अन्न, औषध आणि स्वच्छ वस्त्र मिळावे याची काळजी कर्तव्यदक्ष गृहस्थ घेतोच. परंतु एवढे करूनही एक गोष्ट द्यावयाची पुष्कळदा राहून जाते. ती म्हणजे त्यांच्या गतीने त्यांना वागू देण्याची मोकळीक.

वृद्धांच्या सावकाशपणाला प्रथम देहधर्म कारण आहे. वयोमानाने स्नायूंचे बळ घटते, सांधे आखडतात, मंद प्रकाशात नीट दिसत नाही. एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येण्याचा संभव असतो. यास्तव खाटेच्या कडेला क्षणभर बसून मग उठणे हितावह असते. उंबरठ्याशी थांबून, भिंतीचा आधार घेऊन पाऊल टाकणे हा आळस नव्हे, विवेक होय. अशा वेळी मागून घाई करणारा त्यांना पडण्याच्या धोक्यात लोटतो.

परंतु या संथपणात केवळ अशक्तता नाही. आजोबा सहाणेवर चंदन उगाळतात, आजी वाती वळते, तेव्हा हातातले कर्म पुरे होईपर्यंत चित्त दुसरीकडे धावत नाही. प्रत्येक वृद्ध योगी असतो असे नव्हे. तथापि मन धैर्ययुक्त बुद्धीने हळूहळू स्थिर करावे, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील उपदेश आपण आदराने वाचतो आणि त्याचा अल्पसा नमुना घरात दिसला की अधीर होतो, हे विचार करण्याजोगे आहे.

“राहू द्या, मी करतो,” असे म्हणून त्यांच्या हातातील काम काढून घेणे वरवर सेवेसारखे दिसते. त्यांनी साहाय्य मागितले होते, की थांबण्याचा आपणास कंटाळा आला होता, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. काम लवकर उरकते खरे, पण आपण आता निरुपयोगी झालो हे शल्य त्यांच्या मनात राहते.

महाभारतातील युधिष्ठिराचे उदाहरण पाहावे. युद्धाने उद्ध्वस्त झालेले राज्य नुकतेच हाती आलेले. कामांना अंत नव्हता. तरीही तो कुरुक्षेत्री शरशय्येवरील भीष्मांपाशी जाऊन बसला, एकेक प्रश्न विचारीत राहिला आणि पितामहांचे बोलणे शांतपणे ऐकत राहिला. शांतिपर्व हे महाभारतातील सर्वांत मोठे पर्व आहे. त्याचा फार मोठा भाग म्हणजे हा संवाद. पितामहांपाशी बसण्यास राजाला सवड झाली नसती, तर हे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले असते.

साधकाने एवढा अभ्यास करून पाहावा. वृद्धांसमवेत चालताना एक पाऊल मागे राहावे. ते बोलताना शब्दासाठी अडखळले तर तो शब्द आपण पुरवू नये. भोजनास त्यांच्याबरोबर बसावे आणि त्यांचे आटोपल्यावर उठावे. यास द्रव्य लागत नाही. केवळ आपली घाई सोडावी लागते. ती सुटू लागली की सेवा त्यांची घडते आणि चित्त आपले निवते.