शाळेचा आराखडा आणि आईची सही

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गिरगावातल्या आमच्या चाळीत धाकटी बहीण सातवीचा अभ्यास करते. आई तिच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पण सभेत तिचे काम एकच, दाखवतील तिथे सही करणे.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याला हे अभिप्रेत नाही. कलम 21 प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांत विकास आराखडा तयार करणे हे समितीचेच काम. कलम 22 नुसार तो आराखडा अनुदानाचा आधार ठरतो. सहावी ते आठवीसाठी दर 35 विद्यार्थ्यांमागे निदान एक शिक्षक, वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन, ही मापेही कायद्यात आहेत.

मग आराखड्यात भिंतींच्या रंगापलीकडे काय असावे? एक उदाहरण घेऊ. सातवीतील किती मुलांना भागाकार येत नाही, हे जूनमध्येच तपासावे. त्यांना रोज अर्धा तास कोण शिकवील, हे नावानिशी ठरवावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पुन्हा तपासावे. प्रगती नसेल तर मुलांना बोल न लावता पद्धत बदलावी.

मागच्या सभेआधी मी आईला आराखडा वाचून दाखवला. सभेत तिने विचारले, "यात भागाकार कुठे आहे?" उत्तर मिळाले नाही, पण त्या दिवशी तिने सही केली नाही. सुधारणेचा आरंभ मला तिथे दिसतो.