मातीतला खजिना

धायरी हे पूर्वी पुण्याजवळचे शेतीचे गाव होते. आज तिथे उंच इमारती आहेत. उघडी माती उरली आहे ती बहुतेक टेकड्यांवर. त्या मातीत काय साठते, ते आपण पाहू.

झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते. त्यातला कार्बन खोडात, पानांत, मुळांत जातो. पाने गळतात, मुळे मरतात. बुरशी आणि जिवाणू त्यांना कुजवतात. तेव्हा बराच कार्बन पुन्हा हवेत जातो. थोडा मातीच्या कणांना चिकटून राहतो. शेतकरी त्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात. साऱ्या जगातील वनस्पती आणि हवा मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक मातीत आहे! खजिना हा शब्द तर तुम्हांला घरचाच आहे. मग याला खजिना का म्हणू नये?

हा खजिना भरायला नत्रही लागते. नत्राशिवाय झाड वाढत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर खाली काळा खडक आणि वर मुरमाड मातीचा पातळ थर. म्हणून तळजाईसारख्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावले गेले. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. त्याच्या मुळांवरील गाठींत जिवाणू असतात. ते हवेतले नत्र झाडाला मिळवून देतात. टेकड्या लवकर हिरव्या झाल्या, हे त्याचे उपकारच. पण सगळीकडे तेच एक झाड! त्याची मऊ पाने भराभर कुजतात आणि मातीत फार काळ टिकत नाहीत.

मिश्र जंगलात तसे नसते. खैर नत्र आणतो. ज्याच्या पत्रावळी करतात, त्या पळसाची जाड पाने सावकाश कुजतात. कोणाची मुळे वरवर पसरतात, कोणाची खडकाच्या भेगांत खोल उतरतात.

२०२३ साली कॅनडातील जंगलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे अनेक जातींची झाडे जवळजवळ सारख्या प्रमाणात होती, तिथे मातीवरच्या पालापाचोळ्याच्या थरात कार्बन सुमारे ३० टक्के आणि नत्र सुमारे ४२ टक्के अधिक साठले होते. कॅनडा थंड देश आहे; आपल्याकडे आकडे वेगळे निघतील.

धायरीहून नदीपलीकडे वारजे आहे. तिथे पुणेकरांनी वनखात्याबरोबर १६.८ हेक्टर उजाड टेकडीवर जंगल वाढवले. २०२० साली केंद्र सरकारने ते नगरवनांचा नमुना म्हणून देशापुढे ठेवले. तेव्हा तिथे वनस्पतींच्या २३ आणि पक्ष्यांच्या २९ जाती होत्या.

स्वाध्याय
१. गिरिपुष्पाचा एक फायदा व एक उणीव सांगा.
२. पालापाचोळा जाळला तर त्यातला कार्बन कुठे जाईल?