कोळसून आणि वाघ

माहूरला येणाऱ्या यात्रेकरूच्या मनात रेणुकामाता आणि दत्तशिखर असते. गडाभोवती पसरलेल्या सागाच्या रानाकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. परंतु हे रान एकाकी नाही. पैनगंगेच्या दोन्ही तीरांनी ते किनवटपासून यवतमाळ जिल्ह्यापर्यंत तुटक तुटक का होईना, जोडले गेले आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ पैनगंगेच्या खोऱ्यातून तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकंती करीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा असल्यामुळे हा प्रवास कळला. म्हणजे वाघ ही आपल्या भागात केवळ आजोबांच्या गोष्टीतील वस्तू नव्हे. आणि जेथे वाघाची गोष्ट निघते तेथे एक प्रश्न हटकून विचारला जातो : वाघ कोणाला भितो काय? उत्तरही ठरलेले असते : कोळसुनाला. या उत्तरात खरे किती आणि ऐकीव किती, याचा विचार मला या लेखात करावयाचा आहे.

कोळसून म्हणजे रानकुत्रा. त्यालाच कोणी ढोल म्हणतात. हे मराठी नाव शास्त्राच्या ग्रंथांतही गेलेले आहे. मुंबई इलाख्यात नोकरीस असलेल्या कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनमधील या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा मराठे लोक त्याला 'कोळसून' म्हणतात अशी नोंद केली आणि शास्त्रीय नावात 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, हा शब्द घातला. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी आणि गोलसर कान ही त्याची खूण. गावकुत्र्याला बेचाळीस दात असतात, कोळसुनाला चाळीसच. तो गावकुत्र्यासारखा भुंकत नाही. दाट झाडीत पांगलेल्या सोबत्यांना शिटीसारखा आवाज काढून एकत्र करतो. वजन जेमतेम बारा ते वीस किलो. त्याच्या समोर दीडशे ते अडीचशे किलोंचा वाघ उभा केला म्हणजे एकट्यादुकट्याची लढाई संभवतच नाही, हे उघड आहे.

मग वाघाला कोळसून भारी पडतो ही समजूत आली कोठून? तिचे मूळ टोळीत आहे. कोळसून पाच ते बाराच्या, कधी त्याहून मोठ्या टोळीने राहतो. टोळीने वाघाला घेरल्याच्या, त्याची शिकार हिसकावल्याच्या हकिकती जुन्या शिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. वाघाने काही कुत्रे लोळवले आणि शेवटी तोच थकून पडला, अशीही वर्णने आहेत. पण अशा हकिकती थोड्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा ऐकीव आहेत. याउलट वाघाने किंवा बिबट्याने एकटा सापडलेला कोळसून मारल्याच्या नोंदीही आहेत. बिबट्याची गोष्ट जरा निराळी. टोळी दिसताच तो झाडावर चढतो आणि खाली कुत्रे घिरट्या घालीत राहतात, हे अनेकांनी पाहिले आहे. थोडक्यात, बळ कोणाचे याला एकच उत्तर नाही. ते टोळीत डोकी किती आणि समोर कोण, यावर ठरते.

परंतु खरा शिकण्यासारखा भाग लढाईत नसून लढाई टाळण्यात आहे, असे मला वाटते. कर्नाटकातील नागरहोळे अरण्यात उल्हास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि कोळसून या तिघांच्या शिकारीचा अभ्यास केला; तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. वाघाच्या मुख्य भक्ष्याचे सरासरी वजन ९१.५ किलो, कोळसुनाच्या ४३.४ किलो आणि बिबट्याच्या ३७.६ किलो भरले. गवा, सांबर अशा मोठ्या जनावरांवर वाघाचा भर. चितळासारख्या मध्यम जनावरांवर इतर दोघांचा. म्हणजे ताटे बरीचशी वेगळी. वेळाही वेगळ्या. वाघ व बिबट्या मुख्यतः रात्री फिरतात, तर कोळसून पहाटे, सकाळी आणि सायंकाळी उजेडात शिकार करतो. शिकारीची रीतही निराळी : मांजरकुळातले दोघे दबा धरतात, कोळसून पाठलाग करतो. एका घरातील तीन भावांनी भांडण नको म्हणून विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात, तसाच हा प्रकार.

या पाळ्या केव्हा मोडतात? रानात चितळ-सांबर मुबलक असले म्हणजे तिघेही एका रानात नांदतात. भक्ष्य कमी झाले की ताटे एक होतात आणि तंटा वाढतो. तेव्हा वाघ-कोळसुनांचे वैर हे पुष्कळदा रानाच्या दारिद्र्याचे लक्षण असते.

आफ्रिकेतील रानकुत्र्यांची कथा येथे ताडून पाहण्याजोगी आहे. तो प्राणी वेगळ्या वंशाचा, अंगावर रंगीबेरंगी ठिपके असलेला, पण टोळीने राहणारा व दिवसा शिकार करणारा. त्याला सिंहाकडून फार मोठा उपद्रव होतो. सिंह त्याची पिले आणि मोठे कुत्रेही मारतात. तरस त्याची शिकार पळवतात. उघड्या मैदानात लपायला जागा नसते, म्हणून जेथे सिंह फार तेथे हे रानकुत्रे थोडे, असे दिसून आले आहे. आपल्याकडील दाट झाडी कोळसुनाला आसरा देते. रान विरळ झाले तर तो आसराही जाईल, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता माणसाकडे वळू. कोळसुनाविषयी आपण फारसे चांगले बोललो नाही. तो झुडपांवर मुततो आणि जनावर तेथून गेले की आंधळे होते, अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः मूत्र आणि विष्ठा ही टोळीची खूण असते. पायवाटांच्या तिठ्यावर सगळी टोळी एकाच जागी विष्ठा टाकते, ती आपली हद्द सांगण्यासाठी. तो जिवंत जनावर फाडतो म्हणून त्याला क्रूर म्हणतात. पण त्याच्याकडे वाघासारखा नरडे दाबणारा जबडा नाही, हे कोणी पाहत नाही. या तिरस्कारापोटी ब्रिटिश काळापासून त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. आज जगात प्रजननक्षम कोळसून सुमारे साडेनऊशे ते बावीसशे एवढेच उरले असावेत, असा २०१५ चा अंदाज आहे. वाघाच्या नावाने दिवस साजरे होतात, याच्या नावाने कोणी हळहळतही नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र वाघाच्या पंज्यात नाही; तो आपल्या अंगणात आहे. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपर या रोगाने मेले. हा कुत्र्यांचा रोग असून त्याचा माग भोवतालच्या गावांतील पाळीव कुत्र्यांपर्यंत लागला. त्याच मैदानातील रानकुत्र्यांच्या टोळ्या त्याआधी, १९९१ पर्यंत, नाहीशा झाल्या होत्या. त्यांत रेबीजचा वाटा होता असे मानतात. आपल्याकडे गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतील काहींत डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. म्हणजे कुत्रा आणि मांजर यांच्या ज्या वैराची आपण चर्चा करतो, त्या दोन्ही पक्षांना एकच रोग मारू शकतो.

माहूर-किनवटच्या वाड्यांतांड्यांवर गुराख्यासोबत कुत्रा रानात जातो. तो राखणदार आहे, त्याला हाकलून द्या असे कोणी म्हणणार नाही. पण त्याला वर्षातून एकदा लस टोचून घेणे, रानातील मेलेल्या जनावरावर त्याला सोडून न देणे आणि कोळसुनांनी पाडलेले हरण उचलून घरी न आणणे, एवढे तरी आपल्याला जमण्यासारखे आहे. टोळीच्या तोंडचा घास आपण पळवला तर तिला पुन्हा शिकार करावी लागते. मग रानात नाही मिळाले तर ती आपल्या शेळीकडे वळेल, यात नवल ते काय?

वाघ आणि कोळसून यांनी हजारो वर्षांत एका रानात राहण्याची रीत बसवली. त्या रानात वाटेकरी म्हणून आपण फार उशिरा आलो आहोत. आपला वाटा किती आणि आपली पाळी कोणती, हे ठरवणे आता आपल्याच हाती आहे.