कुरवंजीच्या मुखी विश्वास

चेटकिणी व मंत्रविद्या यांनी भरलेली अद्भुत कादंबरी ख्रिस्ती घरात वाचली जावी काय, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात. सी. एस. लुईस यांच्या नार्निया-कथेत (१९५०) चेटकीण दुष्ट आहे, म्हणून ती ग्राह्य. हॅरी पॉटर स्वतःच जादू शिकतो, म्हणून तो अग्राह्य, असा सोपा निवाडाही दिला जातो. मला तो अपुरा वाटतो. का, ते समजण्यास तंजावूरच्या मराठी राज्यातील एक जुने उदाहरण उपयोगी पडेल.

तमिळमध्ये ‘कुरवंजी’ नावाचा गेय नाट्यप्रकार आहे. नायिका विरहाने झुरत असते. इतक्यात डोंगरातील कुरव जमातीची स्त्री येते, आपल्या डोंगराचे गुणगान करते, नायिकेचा हात पाहते व प्रियकर भेटेल असे भाकीत करते. आपल्याकडील कुडमुड्या जोशाची ही जणू बहीणच. मात्र रंगभूमीवर हिचा मान फार मोठा.

मिशनरी श्वार्ट्‌झ (१७२६–१७९८) यांच्या छायेखाली तंजावूरात दोन मुले वाढली. एक सरफोजी, जे १७९८ ते १८३२ पर्यंत राजे होते. ते हिंदूच राहिले, तरी गुरूचे संगमरवरी स्मारक त्यांनी चर्चमध्ये उभारविले. दुसरे तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४). कुरवंजी दोघांच्याही नावावर आहे. सरफोजींची ‘देवेंद्र कुरवंजी’ आपल्या मराठीत असून तीत ती स्त्री इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते. हात पाहणारीच्या हाती नकाशा! शास्त्रींनी याहून मोठे धाडस केले. त्यांच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’त नायिका सीयोनकन्या, तिचा प्रियकर प्रभु येशू, आणि भविष्य सांगणारी ती स्त्री म्हणजे साक्षात विश्वास.

येथे माझे मन दुभंगते. न दिसणाऱ्या वराची वधूला खात्री देणारी ती विश्वास, ही कल्पना इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाशी किती जुळते! शिवाय लोकांच्या कानांत रुळलेल्या चालींतून सुवार्ता गायिली गेली. पण अनुवाद १८ मध्ये शकुन पाहणे निषिद्ध आहे. फिलिप्पै येथील भविष्य सांगणारी दासी पौलाविषयी खरेच बोलत होती, तरी त्याने तिच्यातील आत्म्याला हाकलून दिले (प्रेषितांची कृत्ये १६). शब्द खरे असूनही साक्ष नाकारली गेली. मग विश्वासाने त्याच व्यवसायाची वस्त्रे का नेसावीत? विश्वास तळहाताच्या रेषा वाचीत नाही. तो वचन ऐकून येतो. बलामाकडे बोट दाखविता येईल. शाप देण्यास बोलाविलेल्याच्या मुखातून देवाने आशीर्वाद वदविला खरा, परंतु त्याचा अंत तलवारीने झाला (गणना ३१), हे विसरू नये.

तरीही शास्त्रींच्या बाजूने एक गोष्ट भक्कम उभी राहते. १८१४ साली त्यांनीच ‘शास्त्रक्कुम्मी’ रचून लोकांतील अंधश्रद्धांची टर उडविली. म्हणजे कुरवंजीच्या विद्येवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी केवळ तिचा आवाज घेतला. ‘बेथलेहेम कुरवंजी’ ऐकून कोणी हात दाखविण्यास जाईल असे मला वाटत नाही. ऐकणाऱ्याच्या ठायी ओढ निर्माण होते ती वराची, भाकिताची नव्हे.

हीच कसोटी मी त्या इंग्रजी कादंबऱ्यांना लावतो. नार्नियातील चेटकीण दुष्ट आहे, पण एडमंडला ती भयाने नव्हे तर मिठाईने वश करते, आणि वाचणाऱ्या मुलाच्याही तोंडाला पाणी सुटते. उलट पॉटरच्या अखेरच्या भागात (२००७) हॅरी छडी न उगारता, मित्रांसाठी मरण पत्करावयास एकटा अरण्यात चालत जातो. पण त्याआधीच्या सहा ग्रंथांत मुले हौसेने मंत्र पाठ करतात, हेही खरेच. माझ्या घरी ही पुस्तके कपाटात आहेत, कुलुपाविना. मात्र मुलांबरोबर ती मीही वाचतो.