आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया : छेद मोठा कीं लहान?

मोठ्या आंतड्याच्या आरंभीं, पोटाच्या उजव्या बाजूस खालीं, करंगळीएवढी एक नळी असते. तिचें एक टोक बंद असतें. हिलाच आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. तिचें तोंड बुजलें म्हणजे ती सुजते, आणि वेळीं उपाय न झाल्यास फुटून पू पोटांत पसरतो. हा विकार शाळा-कॉलेजच्या वयांत पुष्कळ आढळतो. म्हणून त्यावरील शस्त्रक्रियेचे प्रकार विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावे.

पहिला प्रकार उघड्या छेदाचा. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य मॅकबर्नी यांनीं १८९४ सालीं, स्नायू आडवे न कापतां तंतूंच्या दिशेनें विलग करून आंत शिरण्याची रीत प्रसिद्ध केली. ती आजही उपयोगी पडते.

दुसरा प्रकार दुर्बिणीचा. १९८० सालीं जर्मनींतील कील येथें कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञानें तो प्रथम करून दाखविला. प्रथम त्यास स्वदेशांतच कडवा विरोध झाला. पुढें तीच रीत जगभर मान्य झाली. यांत भूल देऊन पोटांत कार्बन डायऑक्साइड वायु भरतात. कारण तो पेट घेत नाहीं व रक्तांत सहज शोषला जातो. बेंबीजवळील छिद्रांतून दुर्बीण व इतर दोन छिद्रांतून हत्यारें घालतात. नळीचें मूळ बांधून ती कापतात व पिशवींत घालून बाहेर काढतात.

तिसऱ्या प्रकारांत सर्व हत्यारें बेंबींतील एकाच छेदांतून जातात.

आतां तुलना करूं. तीन छिद्रांच्या रीतीनें वेदना कमी होतात, बाहेरची जखम क्वचित् चिघळते व रोगी लवकर कामास लागतो; परंतु साधनें महाग असतात. एका छेदाच्या रीतींत व्रण बेंबींत लपतो. मात्र हत्यारें एकमेकांस अडतात व वेळ अधिक लागतो. दुर्बिणीनें आरंभ करून प्रसंगीं पोट उघडावें लागलें, तर तें अपयश नव्हे, सावधपणा होय.

तात्पर्य, छिद्रें किती हा प्रश्न दुय्यम आहे. वेळ किती गेला हा मुख्य. बेंबीभोवतीं उठलेली कळ उजवीकडे खालीं सरकली, अन्नावरची वासना गेली, ओकारी वा ताप आला, तर मुलांनीं दुखणें लपवूं नये व पालकांनीं एरंडेल किंवा जुलाब न देतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. व्रण लहान राहो वा मोठा, प्राण वाचणें महत्त्वाचें.